काचेवरचा शेंदूर

"कंदिलाला रंग काहून लावलेत गं?" असं आत्याबाईंनी विचारलं आणि आमचा प्रवास ठरला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शुक्रवारी पहाटे दूध काढायला उठले तेव्हा त्या ओसरीवर बसलेल्या होत्या, तोंड कंदिलाकडे, आणि तळहाताने उजवी भुवई दाबून धरलेली. कंदिलाभोवती त्यांना गोल कडं दिसत होतं, आत निळं, बाहेर तांबडं. मी कंदील हलवून पाहिला. कडंही हललं म्हणाल्या.

त्यांचा डावा डोळा दोन वर्षांमागे गेला तो असाच. आधी दिव्याभोवती कडं, मग अर्धं डोकं फुटून निघेल असं दुखणं, मग ओकाऱ्या, मग अंधार. वैद्यबुवांनी मोतीबिंदू समजून काढे दिले. पुढे माझ्या माहेरी, वाशिमला, एका डॉक्टरांनी सांगितलं की तो काचबिंदू होता, आणि उजव्याला कधी असं झालं तर घरी बसून राहू नका. गेलेली नजर कुणी परत आणून देत नाही, राहिलेली तेवढी राखता येते.

आमच्या गोरेगावात गेल्या बाजाराला बातमी होती की हैदराबादेहून डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर नांदेडला आलेत, शनिवारी दुपारपर्यंत रोगी बघतील आणि संध्याकाळच्या गाडीने निघतील. म्हणजे आमच्या हातात एक शुक्रवार आणि अर्धा शनिवार.

ह्यांच्या पावलावरून पेरणीच्या वेळी गाडीचं चाक गेलेलं, पाय अजून फळीला बांधलेला. म्हणाले, "तूच जा. मी आलो तर आईजवळ बसून रडण्यापलीकडं काही करणार न्हाई. तू निदान भांडशील तरी."

ज्या भगिनींना आमच्या भागातून आजारी माणूस घेऊन नांदेडला जायचं असेल, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सगळं लिहिते आहे. विशेषतः मोटारीने जाणार असाल तर. मोटार चालते इंजिनाने, पण पावसाळ्यात पोचते ती पुढच्या काचेने, हे मला त्या वाटेवर कळलं.

गोरेगाव ते हिंगोली बैलगाडी. श्रावणातली काळी माती चाकाला अशी चढते की थोड्या वेळाने चाक दिसेनासं होतं, नुसता चिखलाचा गोळा फिरतो. खुरपं बरोबर ठेवा. गडी उतरून खरवडायचा, बैल चार पावलं ओढायचे. आत्याबाई गाडीत आडव्या, डोळ्यावर ओला फडका. धक्का बसला की "राम" म्हणायच्या. एकदा नुसतंच "रा" म्हणाल्या आणि गाडीबाहेर वाकून ओकल्या. मी त्यांची पाठ चोळली आणि मनात मारुतीस्तोत्र सुरू केलं. तेही मध्येच विसरत होते.

हिंगोलीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनवर कळलं की पावसाने रुळाखालची माती वाहून गेली आहे, पूर्णेकडे गाडी नाही. कधी सुरू होईल? "अल्ला को मालूम," पोर्टर म्हणाला.

मग आम्ही आमचा कापूस ज्यांच्या जिनात जातो त्या शेटजींच्या दारात गेलो. त्यांची मोटार आहे. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळतं, त्यातलं शेटजींनी आमच्यासाठी सोडलं. पेट्रोलचा पैसा आमचा, ड्रायव्हरचं खाणं-पिणं आमचं, एवढंच त्यांनी मागितलं. भल्या माणसाचे उपकार आहेत. ड्रायव्हर करीमभाई, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं निम्मं मराठी निम्मं दखनी.

मोटार जुनी. वर कापडी छत, पुढे सपाट काच. मी स्वभावाप्रमाणे आधी सगळीकडून फिरून पाहिली. ड्रायव्हरच्या बाजूला काचेवर अर्धगोल ओरखडा होता, जसा पाट्यावर वरवंट्याने पडतो. काच पुसायचा जो दांडा असतो, त्याला वायपर म्हणतात, त्याचं रबर पार झडून गेलेलं होतं. नुसती लोखंडी पट्टी काचेवर घासत होती.

"करीमभाई, उद्या पाऊस लागला तर?"

"हात बाहेर काढून फडक्यानं पुसतो ना बाईसाब. आदत हाय."

"एक हात चाकावर, एक हात बाहेर?"

"अल्ला चालवतो."

मागच्या बाकावरून आत्याबाईंचा आवाज आला. त्या झोपल्यात असं मला वाटलं होतं. "त्यो चालवतो खरा, पण त्येला दिसाया तर पायजे. माजा एक गेला, एक चाललाय. आता तुजे दोन हायेत तेवढ्यावर तिगांचा कारभार. जा, पट्टी आणा."

करीमभाई हसले आणि आम्ही बाजारात गेलो.

सायकलींचं आणि मोटारींचं सामान विकणारं एकच दुकान उघडं होतं. दुकानदार पितळी चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिला. लढाईने रबर कुठे मिळत नाही, हे त्याने आधी ऐकवलं, मग एक पट्टी काढली. नवी कोरी, लांब, काळीभोर, कागदात गुंडाळलेली. करीमभाईंचे डोळे चमकले.

मी ती हातात घेतली आणि टोक बोटावर वाकवलं. वाकलेल्या जागी बारीक चिरा दिसल्या, कोरड्या ओठावर दिसतात तशा.

"बाई, भेंडी घेऊन राहिल्या का?" दुकानदार म्हणाला.

"भेंडी मोडली तर कोवळी. हे मोडलं तर जून. कागदात किती वर्षं झोपलंय हे?"

"लढाईच्या आधीचा माल हाय. आता असला माल येत न्हाई."

"म्हणूनच विचारते."

त्याने दुसरी काढली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पत्र्यात ठोकलेली, इथेच बनवलेली. मऊ होती, पण कड कात्रीने कापल्यामुळे लाटालाटांची. तिसरी एक आखूड पट्टी तो दाखवायलाच तयार नव्हता. कुठल्याशा छोट्या गाडीची, कागद नाही, धूळ बसलेली. पण वाकवली की वाकली, सोडली की सरळ झाली. कड सुरीच्या पात्यासारखी एकसारखी.

दुकानात गोळ्यांची काचेची बरणी होती. "एवढी बरणी द्या इकडं आणि वाटीभर पाणी." बरणी आडवी धरली, पाणी ओतलं, आणि तिन्ही पट्ट्या एकेक करून फिरवल्या. जुन्या मालाने रेघा ठेवल्या. ट्यूबवाल्याने पाणी या बाजूचं त्या बाजूला नेलं, एवढंच. आखूड पट्टी फिरली तेवढी जागा लख्ख.

करीमभाई अजून लांबीकडे बघत होते. "बाईसाब, छोटी पडेल. इतकीच काच पुसेल."

"मोठ्या खिडकीतून धूसर बघण्यापेक्षा लहान झरोक्यातून नीट बघा."

दुकानदाराने किंमत सांगितली. निजामाचे हाली रुपये की इंग्रजी कलदार, हे आधी विचारून घ्यावं, नंतर वाद होतो. घासाघीस करून घेतली. दांड्याला बसवताना बघावं की पट्टी काचेवर सगळीकडे टेकते, मधे उचललेली राहत नाही. आमची एका टोकाला उचललेली होती, करीमभाईंनी दांडा जरासा पिळून बसवली.

मुक्काम शेटजींच्या ओसरीवर केला. आत्याबाईंनी काही खाल्लं नाही.

शनिवारी उजाडताच निघालो. श्रावणातला शनिवार, आम्हा दोघींना उपास. करीमभाईंनी भिजवलेल्या जुन्या वर्तमानपत्राने काच आतून-बाहेरून अशी पुसली होती की काच आहे की नाही कळेना. फडक्याचे तंतू राहतात, कागदाचे राहत नाहीत, ही युक्ती घरच्या आरशालाही चालते.

गावाबाहेर रस्त्याला लागून मारुती आहे. आत्याबाई म्हणाल्या, "थांबवा." मी हात धरून त्यांना नेलं. त्यांनी तेल वाहिलं, मारुतीच्या पायाजवळचा तेलात कालवलेला शेंदूर उजव्या हातात भरून घेतला, आणि परत येताना माझा हात सोडून चाचपडत मोटारीच्या पुढे गेल्या. मला वाटलं, मोटारीला नमस्कार करतायत. त्यांनी डाव्या हाताने काच शोधली आणि उजव्या हाताचा सगळा शेंदूर काचेवर लावला. पाच बोटांचा, खाली ओघळणारा, केशरी पंजा. करीमभाई धरतात त्या चाकाच्या बरोबर समोर.

"मारुतीराया," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही काच म्हंजी माजा डोळा समज. माजा डोळा उघडंस्तोवर ह्यो टिळा कुनी पुसनार न्हाई. नवस हाय."

करीमभाईंच्या हातात कागदाचा बोळा होता. तो हात जागच्या जागी थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काचेकडे. ऊन पडलेलं होतं. तेलाच्या कडेने काचेवर रंगीत कडं चमकत होतं.

बोळा त्यांनी बाकाखाली टाकला.

मी पुढे करीमभाईंच्या शेजारी बसले, आत्याबाई मागे आडव्या. सडक मुरमाची, जागोजाग खचलेली. करीमभाई मान डावीकडे वाकवून शेंदराच्या बाजूने बघत चालवत होते, दारातून आत डोकावल्यासारखे. कळमनुरी येईपर्यंत त्यांनी मान चोळायला सुरुवात केली.

"अडचण होते का?" मी हळूच विचारलं.

"देवाचं हाय बाईसाब," तेही हळूच म्हणाले. "मी मुसलमान माणूस. तुमच्या देवाचं पुसायला हात कसा लावू? माँजीनं जबान दिलीय."

नवस माझ्या सासूचा, देव माझाही. उद्या काही झालं तर सगळा गाव म्हणणार, सुनेने टिळा पुसला. आणि मी स्वतःला काय म्हणणार होते, तेही मला ठाऊक नव्हतं.

आखाडा बाळापूरला थांबलो. बाजारपेठेचं गाव, चहा मिळतो, गुळाचा. करीमभाईंनी दोन कप घेतले. उपासाचे शेंगदाणे मी घरून आणलेले होते, आत्याबाईंच्या तोंडात दोन दाणे घातले, ते त्यांनी तसेच गालात धरून ठेवले. "दिवस कुठवर आलाय?" विचारलं. आभाळ भरून आलं होतं, सूर्य दिसत नव्हता. "आहे अजून वेळ," मी म्हणाले. खरं म्हणजे किती आहे ते मला सांगता आलं नसतं.

बाळापूर सोडलं आणि पावसाने गाठलं.

आधी थेंब, मग सरळ धारा. करीमभाईंनी वायपर सुरू केला. आमची आखूड पट्टी डावीकडे गेली, उजवीकडे आली, आणि त्या एका फेरीत पाच बोटांचा पंजा मोडून काचभर पसरला. तेल आणि शेंदूर आणि पाणी. पट्टी जितकी चांगली टेकत होती तितकं ती ते सारवत होती. समोर केशरी भिंत उभी राहिली.

"बंद करा!"

वायपर बंद केला तर पाऊस. तेलकट काचेवर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात, आणि प्रत्येक मण्यात एकेक उलटा रस्ता दिसतो. परत सुरू केला तर सारवण. त्यात चढ लागला. हा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो, चढावर इंजिनाला जोर लागला की याचा दम जातो. दांडा मध्येच उभा राहिला. काचेच्या वरच्या कडेला आतून हाताने फिरवायची मूठ असते, ती मी धरली आणि फिरवू लागले. इकडून तिकडे. केशरी, पाणी, केशरी.

"काहून हळू झालं?" मागून आत्याबाई.

"चढ आहे."

"त्येला दिसून राहिलं ना?"

करीमभाईंनी डोकं बाजूने बाहेर काढलेलं होतं, दाढीवरून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "दिसतं माँजी, दिसतं."

तेवढ्यात समोरच्या केशरी भिंतीत काही पांढुरकं हललं. मी ओरडले. करीमभाईंनी ब्रेक दाबला, मोटार आडवी घसरत गेली आणि थांबली. आत्याबाई बाकावरून खाली आल्या. बाहेर मेंढ्यांचा एकच कालवा.

उतरून पाहिलं तर रस्ताभर मेंढरं. पावसात मेंढपाळ कळप शेतात ठेवत नाहीत, चिखलात खूर सडतात, म्हणून कडक सडकेवर आणून उभा करतात. आमच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक कोकरू आईच्या पोटाखाली तोंड खुपसून उभं होतं. त्याला काही कळलंच नव्हतं.

घोंगडीची खोळ घेतलेली एक बाई काठी उगारत आली.

"डोळं फुटले का रं तुजे, भाड्या? सडकंभर जनावर दिसंना तुला?"

बाईने मोटारीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि काठी खाली आली.

"आगं माय! ह्ये काय? मोटारीचं तोंड कुनी रंगवलं? होळी खेळून राहिले का श्रावनात?"

मी मागचं दार उघडलं. आत्याबाई बाकाखाली बसलेल्या होत्या, फडका सुटलेला, उजवा डोळा लाल, पाणी गळत होतं. "कुनी मेलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मेंढरू वाचलं."

"मंग खोटं काहून बोलले तुमी दोगं? दिसत हुतं म्हने."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आत्याबाई, दिसत नाही. तुमचा शेंदूर काचभर झालाय. पुसल्याशिवाय मोटार पुढं नेता येणार नाही. थांबलो तर डॉक्टर जातील."

पाऊस छतावर वाजत होता. करीमभाई काचेपासून दूर, पाठ करून उभे राहिले.

"नवस बोलले मी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "टिळा पुसला म्हंजी डोळा दिला म्हनायचं का गं? असं काय मागतो त्यो?"

मी त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसले. देवाला मनात म्हटलं, मला शब्द दे. आणि मला आमच्या गोरेगावचा मारुती दिसला. लहानपणी वाशिमचाही असाच पाहिलेला.

"आत्याबाई, मारुतीला शेंदूर कुठं कुठं लावतात?"

"समद्या आंगाला."

"डोळ्यांना?"

त्यांचं शेंदरी बोट आपल्याच भुवईशी गेलं.

"पुजाऱ्याच्या हातून डोळ्यांवर ओघळ आला तर तो काय करतो?"

"बोटानं पुसतो," त्या सावकाश म्हणाल्या. "डोळं मोकळं ठिवत्यात. देवाला दिसाया पायजे म्हनून."

"मग तुम्ही काच म्हणजे माझा डोळा म्हणालात ना?"

घोंगडीवाली बाई दारात वाकून हे सगळं ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "म्हातारे, बराबर हाय तुजी सून. आमच्या बिरोबाचं बी असंच. डोळं सोडून भंडारा."

आत्याबाईंनी माझा खांदा धरला आणि उठल्या. "कुनी हात लावायचा न्हाई. नवस माजा, मीच पुसते. कशानं निगंल?"

पाण्याने निघणार नव्हतं. तेलाच्या कढईला पाणी लावून कुणी घासत नाही. "राख आहे का बाई तुमच्याकडं?" मी मेंढपाळणीला विचारलं. बाभळीखाली तिचं पाल होतं, आत चूल. तिने शेणाच्या गोवरीची कोरडी राख टोपलीत आणून दिली. मी ती पदराच्या टोकातून चाळली, एकही खडा राहू दिला नाही, कारण खडा राहिला तर काच कायमची ओरखडते. आत्याबाईंना अंघोळीला लागतं म्हणून डाळीचं पीठ बरोबर होतं, तेही घेतलं.

मेंढपाळणीने तिची घोंगडी काचेवर धरली. मी आत्याबाईंचा हात काचेला लावून दिला. आधी राख, कोरडी. तेल राखेत बसलं, केशरी चिखल झाला, तो कागदाच्या बोळ्याने काढला. तो बोळा करीमभाईंनीच बाकाखालून काढून दिला, पण आत्याबाईंच्या हातात दिला, काचेला स्वतः शिवले नाहीत. मग पीठ आणि पाणी. आत्याबाई चाचपत पुसत होत्या आणि ओठांनी पुटपुटत होत्या. डोळे मिटलेले. बोटाने काच घासून बघायच्या, भांडं स्वच्छ झालं की कुरकुरतं तशी काच कुरकुरेपर्यंत.

वायपरच्या पट्टीलाही तेल लागलेलं. ती विसरू नका. काच धुतली आणि पट्टी तशीच राहिली तर पहिल्या फेरीत सगळं परत. मी ती पिठाने चोळून धुतली.

"झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"झालं."

"थांब." त्यांच्या नखांत आणि तळव्याच्या रेषांत शेंदूर राहिला होता. हात वर करून त्यांनी काचेच्या वरची लोखंडी पट्टी शोधली आणि तिथे मधोमध अंगठा टेकवला. "ह्ये कपाळ. हितं ऱ्हाऊ दे. चल रे करीम, आता खोटं बोलू नको."

मेंढपाळणीने मेंढरं बाजूला हाकली. मी शेंगदाण्यांची पुरचुंडी तिला दिली. तिने ती घेतली आणि म्हणाली, "डोळा बरा झाला की ह्याच सडकंनं या. माजं कोकरू दावते म्हातारीला."

मोटार सुरू झाली. वायपर फिरला आणि मला रस्ता दिसला. पट्टीएवढाच, अर्ध्या ताटासारखा, पण त्यात सगळं होतं. बाभळीचे काटे, खड्ड्यातलं पाणी, मैलाचा दगड. चढ आला की मी मूठ फिरवायची, उतार आला की तो आपोआप.

वारंगा फाट्याच्या अलीकडे ओढ्यावर फरशीचा बुटका पूल लागतो. पाणी फरशीवरून चाललं होतं, तपकिरी, जोरात. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड पुरलेले आहेत, त्यांची टोकंच वर होती. करीमभाईंनी मोटार थांबवली, काचेतून बराच वेळ बघितलं.

"दगड दिसतायत बाईसाब. दोन्ही बाजूचे. अजून दिसतायत." मग "बिस्मिल्ला" म्हणाले. मागून आत्याबाई "मारुतीराया" म्हणाल्या. मी काचेवरून नजर काढली नाही, मूठ फिरवत राहिले, आणि पाणी पायाखाली घुसत असताना डावीकडचे दगड मोठ्याने सांगत गेले. पलीकडे चढलो तेव्हा माझा हात मुठीवरून सुटेना. करीमभाईंनी मागे वळून पाहिलं. फरशीचे दगड आता दिसत नव्हते.

फाट्यावर दुकानं आहेत, पण आम्ही थांबलो नाही. तुम्ही थांबा, तिथली भजी चांगली असतात म्हणे.

नांदेडला दवाखान्याच्या दारात टांगा उभा होता, त्यात ट्रंक चढवलेली. डॉक्टर टोपी घालून पायऱ्या उतरत होते. मी पदर खोचला आणि सरळ टांग्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बाई, मी निघालोय."

"त्यांचा एक डोळा असाच गेला. हा दुसरा आहे. कालपासून."

त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, फडका काढला, अंगठ्याने पापणीवरून डोळा दाबून बघितला. मग टोपी काढून टांगेवाल्याच्या हातात दिली. "ट्रंक उतरव. आणि आजीबाई, आधी हे हात धुवा. केवढा शेंदूर."

"ऱ्हाऊ द्या जरासा," आत्याबाई म्हणाल्या.

"हात धुवा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी धुतले.

आधी थेंब घातले, मग शस्त्रक्रिया केली. मी बाहेर बाकावर बसले होते, करीमभाई झाडाखाली नमाज पढत होते. बाहेर आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "उशीर केलात. पण गेला नाही. कडेचं दिसणार नाही कदाचित. समोरचं राहील, असं वाटतं. पट्टी सुटल्यावर कळेल." ते दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले.

धर्मशाळेत आठवडाभर राहिलो. स्वयंपाकाला चूल मिळते, लाकूड आपण आणायचं. पट्टी दवाखान्यात सुटली तेव्हा आत्याबाईंनी डोळा उघडला, सगळीकडे फिरवला आणि मिटला. "उजेड हाय," म्हणाल्या. बाकी काही सांगेनात. कंपाउंडर म्हणाला, हळूहळू स्थिरावेल. परतताना शेटजींच्या कामाला आलेल्या करीमभाईंनीच आणलं. आभाळ उघडलेलं होतं. मेंढपाळणीचं पाल बाभळीखाली नव्हतं, नुसते विझलेल्या चुलीचे तीन दगड. मी वाटेत दोनदा विचारलं, "काही दिसतं का?" आत्याबाई म्हणाल्या, "सडक दिसती. घरी जाऊन बघू." मोटारीच्या कपाळावर अंगठ्याचा डाग तसाच होता, करीमभाईंनी मोटार धुताना तेवढा सोडला होता.

हिंगोलीहून परत बैलगाडी, परत खुरपं. गोरेगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हे बाजेवर उठून बसले, आईचा चेहरा न्याहाळू लागले, पण विचारायला धजेनात. कंदील लावायचा होता. काजळी पुसून काच बसवली, वात पेटवली, आणि कंदील नेऊन ओसरीवर, त्यांच्या नेहमीच्या जागेसमोर ठेवला.

आत्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. चांगलाच वेळ.

"आई," ह्यांनी विचारलं, "कडं दिसतं का?"

"कडं न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "काच धड पुसता येत न्हाई का गं तुला? बोट उमटलंय तुजं. त्ये बघ, खाली डावीकडं. पूस."